उल्हासनगरात अक्षरे किती?

वाचकहो, हे भाषण नभोवाणीवर वाचले तेव्हा माझ्यापुढे एक अडचण होती, ती तुमच्यापुढे नाही. विषय अक्षरांचा आणि ऐकणाऱ्याला अक्षर काही दिसत नाही. 'गच्या खाली एक आडवी रेघ आहे असे समजा' असे मी ध्वनिक्षेपकासमोर चार वेळा म्हणालो. आता पुस्तिका तुमच्या हातात आहे, तेव्हा समजण्याची गरज नाही, ते अक्षर पाहूनच घ्या : ॻ. त्याची तीन भावंडे : ॼ, ॾ, ॿ. ही चार अक्षरे छापण्यापायी उल्हासनगरच्या एका छापखान्यात २००४ सालच्या पावसाळ्यात जे भांडण झाले, त्याची हकीगत मी सांगणार आहे. भांडणारे दोघे होते, तिसरा मी, आणि ज्याची कड घ्यावी असा त्या दिवशी मला एकही सापडला नाही.

कल्याण सोडून कर्जतच्या दिशेने गाडी निघाली की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्टेशने लागतात. यांतले अंबरनाथ सर्वांत जुने. तिथल्या शिवमंदिराचा शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा. बदलापूरला घोडे बदलत म्हणून बदलापूर, असे लोक सांगतात. उल्हासनगर मात्र आपल्या डोळ्यांदेखत वसलेले गाव. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी पडली होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकींत जागा दिली गेली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. उल्हास नदीवरून. नगर झाले, महानगरपालिका झाली, तरी पत्ता सांगताना माणसे अजून 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर चार' असेच सांगतात.

या कॅम्पातल्या एका छापखान्यात मी पुष्कळ वर्षे मुद्रिते तपासली. मालक सिंधी, सगळे त्यांना दादा म्हणत, मीही म्हणतो. लहानपणी आईबापांबरोबर आले, बराकीतल्या शाळेत अरबी वळणाच्या सिंधी लिपीत शिकले, आणि पुढे खिळे जुळवण्याच्या धंद्यात शिरून मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी असे जे येईल ते छापू लागले. खिळ्यांचा जमाना संपला तेव्हा त्यांनी शिशाच्या केसी मोडीत काढल्या, पण सिंधी खिळ्यांची एक लहानशी केस ठेवून दिली. ती अजून त्यांच्या टेबलाखाली आहे. तिला पाय लागला की ते कपाळाला हात लावतात.

२००४ साली दादांनी एक काम अंगावर घेतले : लहान मुलांसाठी देवनागरी लिपीत सिंधी बालपोथी. याची गरज का पडली, ते कॅम्पातल्या कुठल्याही घरात गेलात तर कळेल. आजोबा अरबी वळणाची सिंधी वाचतात. नातू मराठी किंवा इंग्रजी शाळेत जातो, त्याला ती लिपी येत नाही. आजी बोलते ते त्याला समजते, पण वाचता येत नाही, आणि जे वाचता येत नाही ते हळूहळू बोलायचेही राहते. नातवाला देवनागरी येते. मग त्याच लिपीत आजीची भाषा का देऊ नये? सिंधी देवनागरीत लिहावी की अरबी वळणात, हा वाद फाळणीनंतर लगेचच सुरू झाला होता आणि तो बराच कडवटपणे झाला. अखेरीस दोन्ही लिप्या चालू राहिल्या. १९६७ साली सिंधीचा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात समावेश झाला तेव्हा भाषा मिळाली, लिपीचा प्रश्न होता तसाच राहिला. दादा स्वतः अरबी वळणाचे अभिमानी. तरी म्हणाले, "साईं, पोरं वाचणार असतील तर मी माझा अभिमान खिशात घालतो."

आता ती चार अक्षरे. आपण ग, ज, ड, ब म्हणतो तेव्हा श्वास बाहेर टाकतो. सिंधीत हे चार आहेतच, शिवाय याच जागचे आणखी चार व्यंजनध्वनी आहेत, ज्यांत हवा किंचित आत ओढली जाते. आपल्या कानाला दोन्ही सारखेच वाटतात. सिंधी कानाला नाही. बारु म्हणजे ओझे आणि ॿारु म्हणजे मूल. ॾह म्हणजे दहा, ॻोठु म्हणजे खेडे, ॼिभ म्हणजे जीभ. अक्षराखालची ती रेघ म्हणजे काही नक्षी नव्हे.

बालपोथीच्या कामासाठी मी माझ्या भाच्याला आणले. तो बदलापूरला राहतो, मुंबईत गणकयंत्रांच्या कचेरीत प्रोग्रॅम लिहितो, रविवारी मोकळा असतो. त्याने छापखान्यातली यंत्रे पाहून कपाळावर हात मारला. तेव्हा प्रत्येक फाँट बनवणाऱ्याची स्वतःची केस होती म्हणा ना. एकाच्या केसीत ज्या घरात 'क', दुसऱ्याच्या केसीत त्याच घरात 'ध'. इथे जुळवलेला मजकूर ठाण्याच्या छापखान्यात उघडला की नुसता चिवडा. भाचा म्हणाला, "मामा, आता साऱ्या जगाचा मिळून एकच तक्ता आहे. त्याला युनिकोड म्हणतात. त्यात प्रत्येक अक्षराला एक अंक ठरलेला. यंत्र कुठलेही असो, अंक तोच. दादांची पोथी आपण त्यातच करू."

दादांनी तक्ता मागितला. भाच्याने देवनागरीचे पान छापून दिले. एकशे अठ्ठावीस घरे, काही भरलेली, काही रिकामी. दादांनी चष्मा पुसला आणि जुळारी केस तपासतो तसे घर न् घर बोटाने तपासले. मग पान परत दिले.

"यात माझी चार अक्षरे नाहीत."

आता या तक्त्याची थोडी कुळकथा सांगितली पाहिजे, नाहीतर भाच्याचे म्हणणे नीट कळणार नाही. आपल्याकडे भारतीय लिप्यांसाठी गणकयंत्राचे एक मानक तयार झाले होते, इस्की नावाचे. १९८८ चा त्याचा एक मसुदा आणि मग १९९१ चे भारतीय मानक १३१९४. ब्राह्मीपासून निघालेल्या आपल्या साऱ्या लिप्यांना मिळून एकच रचना, ही त्यातली सुंदर कल्पना. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ च्या ऑक्टोबरात निघाली, तिने देवनागरीची मांडणी या १९८८ च्या मसुद्यावरून घेतली. म्हणजे पाया आपलाच. पण इस्कीत अरबी-फारसी वळणाच्या लिप्या घेतल्याच नव्हत्या, त्यांची सोय वेगळी करायची ठरले. उर्दू, काश्मिरी आणि दादांची सिंधी बाहेर राहिली. हे दादांना पक्के आठवत होते. गंमत पाहा : युनिकोडमध्ये अरबी वळणाच्या सिंधीची हीच चार अक्षरे १९९३ पर्यंत जाऊन बसली होती. देवनागरीत लिहिणारा सिंधी मात्र २००४ सालीही दारात उभा.

भाचा म्हणाला, "दादा, अक्षर नाही असे कसे म्हणता? ते बनवता येते. ग घ्या, त्याला नुक्ता द्या, वेदातल्या अनुदात्ताची खालची रेघ द्या. झाले तुमचे अक्षर. मानकातच तसे सांगितले आहे."

हे खरे होते. त्या वेळच्या मानकाची शिफारस नेमकी अशीच होती.

दादा म्हणाले, "बेटा, तुमचा ळ आहे ना? तो काढून टाका. ल घ्या, त्याला शेपटी जोडा. चालेल?"

यावर भाचा हसला, मीही हसलो, पण दादा हसले नाहीत. वादाचा गाभा या एका प्रश्नात होता. तक्ता पुरा कधी म्हणायचा? प्रत्येक अक्षर कसेबसे बनवता आले की तो पुरा, असे भाच्याचे म्हणणे. प्रत्येक अक्षराला स्वतःचे घर मिळाले की पुरा, असे दादांचे. वरवर पाहता हा मानापमानाचा प्रश्न वाटतो, आणि थोडाफार तो होताही. पण केवळ तेवढाच नव्हता.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या बोलीत 'लायब्ररी' म्हणून एक वस्तू असते. आपल्या ग्रंथालयाशी तिचा संबंध नाही. शोधणे, मोजणे, वर्णानुक्रमाने लावणे अशी जी कामे पुन्हा पुन्हा लागतात ती कुणीतरी एकदा नीट लिहून ठेवतो आणि बाकीचे तीच वापरतात, या तयार हत्यारांच्या पेटीला लायब्ररी म्हणतात. ही पेटी अक्षर पाहत नाही, तक्त्यातले अंक पाहते. ग, नुक्ता आणि रेघ असे तीन अंक दिले की तिच्या लेखी तो ग, आणि त्याला दोन खुणा. शब्द लावायला सांगा, ती ॻ ची रांग गच्या रांगेत मिसळून देते. शोधायला सांगा, कुणी नुक्ता घातलेला असतो, कुणी नुसतीच रेघ दिलेली असते, तेव्हा एकाचा शब्द दुसऱ्याला सापडत नाही. आणि खाली उकार आला की रेघ उकाराच्या वर काढायची की खाली, हे प्रत्येक फाँट आपापल्या अकलेने ठरवतो.

भाच्याची बाजूही लंगडी नव्हती, हे सांगितलेच पाहिजे. तो म्हणाला, "दादा, तक्ता पुरा होईपर्यंत थांबायचे म्हटले तर जगातली शेवटची लिपी येईपर्यंत थांबावे लागेल. तोवर तुमचा मजकूर या फाँटवाल्याच्या कोठडीत. त्याचे दुकान बंद झाले की तुमची पोथीही बंद. आज अपुऱ्या तक्त्यात टाका. तो वाढतो आहे, रिकामी घरे आहेत." रिकाम्या घरांवर त्याने बोट ठेवले. दादा म्हणाले, "रिकाम्या घरांवर माझा भरवसा नाही. बराकीत आलो तेव्हाही सांगितले होते, सहा महिने."

अखेर पोथी भाच्याच्या मताने झाली, कारण दुसरा उपायच नव्हता. ग, ज, ड, ब यांना खुणा जोडून अक्षरे केली. मुद्रिते मी तपासली. आणि आता माझी चूक. शेवटच्या फर्म्याचा मजकूर एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेला, तिथे फाँट वेगळा होता, आणि त्या फाँटात ही रेघच नव्हती. एका पानावर 'ॿारु'चा 'बारु' झाला. चित्रात आईच्या कडेवर मूल, आणि खाली छापलेले ओझे. माझ्या मराठी डोळ्याला ते खटकले नाही. खटकायला त्या रेघेची सवय लागते. हजार प्रती छापून झाल्यावर दादांच्या सूनबाईंनी ते पाहिले. फर्मा पुन्हा छापावा लागला. दादांनी मला एका शब्दाने बोलून दाखवले नाही. भाच्याला एवढेच म्हणाले, "अक्षराला स्वतःचे घर असते तर ते वाटेत सांडले नसते."

हे मात्र पूर्ण खरे नाही, आणि भाच्याने तसे सांगितलेही. घर असते तरी त्या फाँटात खिळा नसता तर अक्षराच्या जागी रिकामा चौकोन आला असता. पण वाचकहो, चौकोन दिसतो! चौकोन मुद्रितशोधकाच्या नजरेतून सुटत नाही. खूण गळून उरलेला 'ब' हा धडधाकट, शुद्ध, निरपराध 'ब' असतो. तक्ता अपुरा असण्यापेक्षा तो पुरा असल्यासारखा दिसणे अधिक घातक, असे माझे मत त्या फर्म्याने झाले, ते अजून बदललेले नाही.

दोन वर्षांनी, २००६ च्या जुलैत युनिकोडची पाचवी आवृत्ती आली, तीत चारही अक्षरांना घरे मिळाली. खुणा जोडण्याची जुनी शिफारस मानकाने मागे घेतली. भाचा रविवारी सकाळीच तक्त्याचे नवे पान घेऊन दादांकडे गेला. दादांनी पुन्हा बोटाने तपासले. चार घरे होती खरी, पण सलग नव्हती. ॼ आणि ॾ यांच्या मध्ये दुसरेच एक अक्षर बसले होते. ते कोण म्हणून विचारता कळले की नेपाळकडच्या लिंबू भाषेसाठी देवनागरीत वापरले जाणारे ते चिन्ह, वर्षभर आधी, २००५ मध्ये, तिथे येऊन बसले होते. आमच्या गाडीत तीन माणसांच्या बाकावर चौथा बसतो त्याला चौथी सीट म्हणतात. दादा म्हणाले, "असू दे. तोही आमच्यासारखाच उशिरा गाडीत चढलेला."

एवढ्याने भाचा जिंकला असे तुम्हाला वाटेल. त्यालाही वाटले. पण तक्त्यातल्या या उणिवा सिंधीपुरत्याच नव्हत्या, त्या त्याच्या स्वतःच्या घरातही होत्या, फक्त त्याला दिसत नव्हत्या. 'ॲल्युमिनियम' लिहायला जो ॲ लागतो, तो मराठीचा ॲ २००६ सालीही तक्त्यात नव्हता. तिथे होता तो ऍ, म्हणजे ए वर चंद्र, हिंदी वळणाचा. आपण मराठी माणसे कधी तोच घालत होतो, कधी अ लिहून त्यावर सुटा चंद्र ठेवत होतो, आणि काही यंत्रांवर तो चंद्र अ वर न बसता शेजारी ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकत होता. म्हणजे दादांना जो उपाय सांगितला गेला तोच आपणही मुकाट्याने करत होतो. ॲ ला घर मिळाले २००८ च्या एप्रिलात, पाच पूर्णांक एक या आवृत्तीत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ॲ आणि ऑ हे मराठी वर्णमालेत रीतसर घेतले. हे भाच्याला मीच दाखवून दिले, आणि सांगतो, मला थोडा आनंद झाला.

त्याहून अवघड प्रकरण अर्ध्या र चे. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आचार्यास आणि आचाऱ्यास यांत पंडित आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे. हा पापणीसारखा अर्धा र मराठीचा खास. हिंदीला तो लागत नाही, म्हणून मानकाने तो आडवाटेने दिला. दाक्षिणात्य भाषांच्या उच्चारासाठी ठेवलेला जो ऱ, म्हणजे नुक्त्याचा र, त्याला हलन्त जोडला की हा अर्धा र उमटतो. ही एक वाट. साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारी एक जोडखूण, ही दुसरी वाट. जुन्या आवृत्तीशी जुळावे म्हणून मानकाने दोन्ही ग्राह्य ठरवल्या. कागदावर दोन्ही अगदी एक. आतले अंक वेगळे. आणि मानकाच्या समानतेच्या नियमात या दोहोंना एक मानलेले नाही.

अंबरनाथला ज्या वाचनालयात मी संध्याकाळी बसतो, तिथली वर्गणीदारांची वही आम्ही यंत्रावर चढवली तेव्हा हे मला भोवले. कुऱ्हाडे आडनावाचे एक वर्गणीदार होते. त्यांचे नाव एकदा मी चढवले, एकदा दुसऱ्या कुणी, वेगळ्या कळफलकावरून. यंत्राच्या लेखी ती दोन माणसे झाली. एका कुऱ्हाड्यांनी पुस्तके नेली आणि दुसऱ्या कुऱ्हाड्यांनी परत केली. पहिल्याला दंडाची पत्रे जात राहिली. गृहस्थ सज्जन, तिसऱ्या पत्रापर्यंत काही बोलले नाहीत, मग पत्र घेऊन आले आणि म्हणाले, "यात माझे नाव शुद्ध लिहिले आहे. चूक काय ती सांगा." चूक दाखवता येईना. दोन्ही नावे कागदावर शेजारी शेजारी छापून मी तासभर पाहत बसलो. वाचनालयाच्या वहीत दंड दोन-चार रुपयांचा असतो. सातबारा, शिधापत्रिका, मतदारयादी यांत हेच आडनाव असे दोन परींनी चढले तर काय होईल, याचा विचार त्या तासात मी पुरेसा केला.

मग हे दुरुस्त का करत नाहीत? कारण एकदा दिलेला अंक परत घ्यायचा नाही, हलवायचा नाही, हा या मानकाचा नियम आहे. नियम बरोबर आहे. नाहीतर काल लिहिलेले आज वाचता येणार नाही. अंबरनाथच्या मंदिरातल्या लेखाचा शक आधी ७८२ असा वाचला गेला होता, पुढे तो ९८२ असल्याचे ठरले. वाचन सुधारता आले. दगड आहे तसाच राहिला. तक्त्याचे तसेच आहे. नवे घर देता येते, चुकीचे घर पाडता येत नाही. म्हणूनच 'आज अपुरे चालवून घ्या, उद्या भरू' हे भाच्याचे म्हणणे उणिवेला लागू पडते, पण चुकीला पडत नाही. ॲ नव्हता, तो आला. अर्ध्या र च्या दोन वाटा झाल्या, त्या दोन्ही आता कायमच्या. मंजुरीच्या आधी किरकिर करणारा माणूस लागतो तो याचसाठी, आणि तो बहुधा मंडळाच्या बैठकीत नसतो. कॅम्पातल्या छापखान्यात असतो.

देवनागरीची ती एकशे अठ्ठावीस घरे २०१४ मध्ये भरून संपली. पुढची चिन्हे दूरच्या पुरवणी वसाहतींत बसवावी लागतात. त्याच वर्षी, सातव्या आवृत्तीत, आपली मोडी आणि सिंध्यांची जुनी खुदाबादी या दोन्ही लिप्या एकदमच तक्त्यात आल्या. मोडी आली याची बातमी मी दादांना सांगायला गेलो, तर खुदाबादीची ते मला सांगायच्या बेतात होते.

मला वाटले, आता तरी सारे पुरे झाले. भाचा म्हणाला, "मामा, तक्ता भरला म्हणजे लायब्ररी पुरी झाली असे नाही. 'उल्हासनगर' या शब्दात अक्षरे किती?"

मी म्हणालो, सहा. उ, ल्हा, स, न, ग, र.

भाच्याने यंत्राला विचारले. प्रोग्रॅमच्या एका जुन्या भाषेच्या पेटीने उत्तर दिले, सत्तावीस. ती साठवणीतले तुकडे मोजते आणि देवनागरीच्या प्रत्येक अंकाला तीन तुकडे लागतात. दुसऱ्या भाषेच्या पेटीने सांगितले, नऊ; तिने उ, ल, हलन्त, ह, काना, स, न, ग, र असे अंक मोजले. तिसरी सर्वांत शहाणी, माणूस ज्याला एक अक्षर म्हणतो ते मोजण्याचा मानकाचा नियम पाळणारी. ती म्हणाली, सात. तिने ल् वेगळा काढला आणि हा वेगळा. काना, वेलांटी व्यंजनाला धरून ठेवायची हे तिला शिकवले होते. जोडाक्षर एकसंध असते हे शिकवलेच नव्हते. उत्तरे तीन, आणि त्यांत आपले सहा नाहीच. ज्या गावात माणसे राहतात त्या गावाचे नाव त्यांच्यासारखे मोजणारा एकही नियम नव्हता.

हा वादही पुष्कळ वर्षे चालला. नियम मांडणारे म्हणत, आमचा नियम सर्व लिप्यांना मिळून साधारण आहे, ज्याला बारकावे हवेत त्याने आपल्या भाषेपुरती भर घालावी. आपल्याकडची माणसे म्हणत, ती भर कोण घालतो? ज्याच्या हाती जी पेटी येते तीच तो वापरतो. अखेर २०२३ च्या सप्टेंबरात, पंधरा पूर्णांक एक या आवृत्तीत, जोडाक्षर तोडू नये असा नियम आला; देवनागरी, बंगाली, गुजराती, ओडिया, तेलुगू आणि मलयाळम या सहा लिप्यांपुरता. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीनंतर बत्तीस वर्षांनी 'ल्हा' एक झाला.

पण इथे मी दादांच्या बाजूने सरसकट बोलणार नाही. टंकलेखन करताना 'ल्हा' चुकीचा पडला तर मला नुसता काना पुसायचा असतो; सगळे जोडाक्षर एका फटक्यात गेले तर मी वैतागेन. तिथे मला नऊ हवेत. नावासाठी किती चौकोन ठेवायचे हे ठरवताना सहा हवेत. साठवणीची जागा मोजताना सत्तावीसच खरे. एकाच प्रश्नाची ही तीन खरी उत्तरे आहेत, आणि पेटीने कुठले द्यायचे हे विचारणाऱ्याने सांगायचे असते. खोटे होते ते फक्त सात.

हे सगळे मी मागच्या पावसाळ्यात दादांना समजावून सांगितले. आता त्यांना कमी दिसते, पण छापखान्यात येऊन बसतात. बालपोथीची नवी आवृत्ती निघायची आहे. जुन्या मजकुरातली खुणांची अक्षरे काढून नवी घालायचे काम भाच्याचा एक प्रोग्रॅम करतो, आणि तो जिथे अडतो तिथे दादांची नात बसून हाताने करते. 'ॿारु'चे पान तिने स्वतः तपासले, मला दिले नाही.

दादांनी सत्तावीस, नऊ, सात, सहा सगळे ऐकून घेतले. मग डोळे मिटले, आणि बराकीतल्या शाळेत शिकले तसे बोटांच्या पेरांवर मोजू लागले, "अलिफ, लाम, हे, अलिफ, सीन, नून, गाफ, रे."

"आठ," ते म्हणाले. "तुमच्या पेटीला विचारा, आठ कुठे आहेत."